बिरड्याचा सण, दारफळणीचा सण

इस्रायल आळी, अलिबाग

प्रिय मित्रा,
शालोम.

तुझ्या लेकीचा निरोप मिळाला. शाळेत आपल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घराण्याची माहिती लिहायचीय आणि आजी सणांना काय म्हणायची ते तिला हवंय. फोनवर सांगितलं असतं, पण तिच्याजवळ कागद राहावा म्हणून लिहायला बसलो. तू वाचून दाखव.

रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, हा आपला नव्याचा सण, त्यामागोमाग खिरीचा. योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे दारफळणीचा सण. पांढरे कपडे घालून, दारं लावून दिवसभर घरात बसायचं. दुसऱ्या दिवशी शिळा सण, मग भेटीगाठी आणि दानधर्म. पुरीम होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो होळीचा सण. आणि तिशा बेआबचा उपास वालाच्या बिरड्यावर सुटायचा, म्हणून तो बिरड्याचा. आठवतं ना? आई वाल भिजत घालायची, मोड आले की आपल्या दोघांना ओटीवर सोलायला बसवायची. दाबलं की दाणा सालातून सुटून थेट अंगणात! बोटांना तो उग्र वास रात्रीपर्यंत राहायचा.

लेकीला हेही सांग. आपल्या पूर्वजांचं गलबत नवगावला फुटलं, ग्रंथ समुद्रात गेले, असं आपण ऐकत आलो. शेमा ही प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली. शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, आपल्यांचा तेलाचा घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. हाताशी पुस्तक नसताना वर्षाचे सण लक्षात ठेवले कुणी? माझ्या मते चुलीपाशी बसलेल्या बायकांनी. खीर आली की कोणता दिवस, बिरडं आलं की कोणता, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून ही मराठी नावं मला हिब्रू नावांइतकीच पवित्र वाटतात. ती आपल्याबरोबर संपू नयेत रे.

परवा अलिबागजवळच्या खंडाळ्याला नवस फेडायला गेलो होतो. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या, घोड्याच्या टापा उमटलेला तो खडक तसाच आहे. मलिद्याचं ताट मांडलं: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. मोठ्यांदा प्रार्थना म्हणणारे आता मोजकेच. तुझा आवाज फार आठवला.

पुढच्या महिन्यात इथला एकजण तिकडे इस्रायलला, अश्दोदला येतोय. त्याच्याबरोबर किलोभर कडवे वाल पाठवतो. सोलायला लेकीला बसव.

तुझा शाळूसोबती