नोव्हा ड्रॅग रेसच्या (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या) पट्टीवर गेली, मंडळी, तुमच्यामुळे!

गाडी १९७० ची शेवरले नोव्हा, आत ३५० घनइंचांचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, आणि वर्कशॉप म्हणजे मिशिगनमधलं आमचं घरचं गॅरेज. चार महिने तिनं मला रडवलं. जागेवर उभी असताना शहाण्यासारखी चालायची; जरा पेडल दाबलं की धक्के आणि फटफट. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मापून सोडणारी छिद्रं) बदलले, स्पार्क प्लग बदलले, ठिणगीचं टायमिंग तीनदा लावलं. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना.

मग तुमच्यापैकी एकानं फोनवर एवढंच विचारलं, "पाच आणि सात नंबरच्या सिलिंडरच्या प्लग-वायरी शेजारून नेल्यात का रे?"

नेल्या होत्या. अगदी टापटीप, पट्टीनं एकत्र बांधून! या इंजिनात पाचनंतर लगेच सात पेटतो, शिवाय दोघं शेजारी-शेजारी. पाचच्या वायरीतला करंट सातच्या वायरीत उतरून तिथं ठिणगी वेळेआधीच पडत होती. दोन्ही वायरी एकमेकींपासून दूर केल्या आणि आवाज साफ. (बायको अजून हसते.)

काका, गिअरबॉक्स चढवताना तुम्ही हात धरलात. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) फिरवत-ढकलत नीट आत बसवायला लावलात, फ्लेक्सप्लेटपासूनची (इंजिनाच्या मागच्या चकतीपासूनची) फट मोजूनच बोल्ट आवळू दिलेत. नाहीतर गिअरबॉक्सच्या तेलपंपाचे तुकडे गोळा करत बसलो असतो.

गेल्या शनिवारी ४०२ मीटर धावली. वेळ सांगण्यासारखी नाही, पण टो न करता घरी आली!

नावं घालू नकोस असं बजावलंत, म्हणून घालत नाही. मनापासून आभार. आणि काका, तुमचा टॉर्क पाना माझ्याकडेच राहिलाय.