नेटवर्क स्टोरेज यंत्रात राइट बॅरियर बंद ठेवल्यामुळे हिशेबाच्या नोंदी गहाळ झाल्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

देवगड तालुक्यात आमची आंबा खरेदीची पेढी असून तिचे हिशेब मी पाहते. आपले स्टोरेज यंत्र आम्ही घेतले ते त्याच्या माहितीपत्रकात ‘जर्नलिंग फाइल सिस्टम, वीज गेली तरी डेटा सुरक्षित’ असे छापलेले होते म्हणून.

मे महिन्याच्या अखेरीस, कॅनिंगचा आंबा किलोवर घेण्याची घाई चालू असताना, वळवाच्या पावसात वीज गेली. ती आल्यावर यंत्र मिनिटभरात सुरू झाले आणि त्याने सर्व ठीक असल्याचे दाखवले. प्रत्यक्षात त्या दुपारच्या सतरा पावत्या, ज्यांच्या छापील प्रती बागायतदारांच्या हातात आहेत, यंत्रात नव्हत्या. आणि त्याच दुपारी लिहिलेल्या वजनाच्या दोन फायलींत पूर्वी पुसून टाकलेल्या फायलींचा मजकूर निघाला.

‘वीज गेल्याने झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही, यूपीएस वापरावा,’ असे आपण कळवलेत. हे उत्तर मला मान्य नाही, कारण जर्नल, म्हणजे डिस्कवरील बदल आधी टिपून ठेवण्याची वही, असते ते वीज अचानक जाते म्हणूनच. माझ्या पुतण्याने यंत्रातील माउंटची यादी (डिस्क कोणत्या पर्यायांनी जोडली आहे ते दाखवणारी) उघडली, तेव्हा ईएक्सटी४ ही फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फायली ठेवण्याची व्यवस्था, ‘नोबॅरियर’ पर्यायाने जोडलेली आढळली. बॅरियर म्हणजे लेखन ठरल्या क्रमानेच डिस्कवर उतरेल याची खात्री करणारी सोय; ‘नोबॅरियर’ने ती बंद होते. ईएक्सटी४ मध्ये बॅरियर मुळात चालू असतो. म्हणजे तो आपल्याकडेच कोणीतरी बंद केला आहे.

आमच्या धंद्यात व्यवहार आधी किर्दीत लिहितात, नोंद पुरी झाल्यावर सही होते आणि मगच खतावणी होते. जर्नलही तसेच चालते: बदल आधी जर्नलमध्ये, त्यानंतर कमिटची, म्हणजे ‘पुरे झाले’ अशी, नोंद, आणि मग ते बदल आपापल्या जागी. परंतु डिस्क स्वतःच्या कॅशेत (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत) आलेले लेखन आपल्या सोयीच्या क्रमाने तबकडीवर उतरवते, म्हणून कमिटच्या आधी आणि नंतर कॅशे रिकामी करण्याचा फ्लश आदेश द्यावा लागतो; बॅरियर हेच काम करतो. तो न दिल्यास अपुऱ्या नोंदीखाली सही पडू शकते, आणि यंत्र पुन्हा सुरू होताना त्या सहीवर विश्वास ठेवून चुकीची खतावणी करते. आमचा प्रोग्राम एफसिंकला, म्हणजे ‘लेखन डिस्कवर कायमचे उतरवा’ या आदेशाला, होकार आल्यावरच पावती छापतो. तो होकार कॅशेच्या भरवशावर दिला गेला, ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते.

एफसिंक न झालेले शेवटच्या काही सेकंदांचे लेखन वीज जाताना हरवू शकते, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कॅशेला बॅटरीचा आधार असेल तर बॅरियर बंद ठेवणेही समजू शकते. या यंत्रातील डिस्क साधी आहे, तिला असा कोणताही आधार नाही. वेग वाढवण्यासाठी केलेली ही तडजोड माहितीपत्रकात कुठेही लिहिलेली नाही.

तरी बॅरियर चालू करणारे फर्मवेअर (यंत्रातील मूळ प्रोग्राम) सर्व ग्राहकांना द्यावे, वेगाचा पर्याय ठेवायचाच असेल तर त्यातील धोका सेटिंगच्या पानावर मराठीत स्पष्ट लिहावा, आणि आमचे यंत्र परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी सिंधुदुर्ग जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. माउंटच्या यादीची प्रत व सतरा पावत्यांच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
हिशेबनीस, आंबा खरेदी पेढी
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग