कॅज्युअल्टीतल्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

पॅरालिसिसचा झटका किती मोठा, हे एनआयएच स्केलवर ० (काही बिघाड दिसत नाही) ते ४२ मध्ये मांडायचं, एवढं आम्ही शिकून आलो होतो. तो आकडा खरा कसा काढायचा, हे तुम्ही दाखवलंत.

आधी नातेवाईकांना थोपवायचं. महिना कोणता, वय किती, असं विचारलं की पायाशी उभा असलेला मुलगा ‘आई, सांग ना, ऑगस्ट!’ म्हणतोच. तसं सुचवलेलं उत्तर धरायचं नाही. पहिलं उत्तर तेच लिहायचं, वय एका वर्षाने चुकलं तरी चूकच. ‘श्रावण’ म्हणणाऱ्या आजींना मात्र तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्याशिवाय कधी चूक दिली नाहीत.

आडव्या रुग्णाचा हात ४५ अंशांवर, तळवा खाली, १० सेकंद. पाय ३० अंशांवर, ५ सेकंद. चांगली बाजू आधी. तुम्ही आकडे मोठ्याने मोजता, कारण घाईत दहाचे चार होतात आणि सातव्या सेकंदाला ओघळणारा हात ‘नॉर्मल’ म्हणून लिहिला जातो. ओघळला पण गादीला टेकला नाही तर १, जोर करूनही खाली आला तर २, सोडताच पडला तर ३, हललाच नाही तर ४.

बोलणं तपासायचं इंग्रजी कार्ड आम्ही तसंच वापरत होतो. त्यातला ‘हकलबेरी’ हा शब्द लालबागच्या आजोबांना धडधाकट असतानाही जमणार नाही! तुम्ही शेजारी लिहिलंत: ओठांसाठी पापड, जिभेच्या टोकासाठी तातडी, जिभेच्या मागच्या भागासाठी काकडी. वस्तू ओळखायच्या चित्रातला हातमोजा मुंबईत कुणी घालत नाही, म्हणून किल्ली आणि खुर्चीही दाखवायला लावलीत. न येणारा शब्द आणि गेलेली वाचा यातला फरक तिथे कळला.

आकडा कुठे फसवतो, हेही तुम्हीच सांगितलंत. डाव्या मेंदूच्या झटक्यात बोलण्याचे गुण भराभर चढतात. उजव्या मेंदूचा रुग्ण नीट बोलतो, आकडा लहान दिसतो, पण दोन्ही हातांना एकदम स्पर्श केला तर डावा स्पर्श त्याला कळतच नाही. मागच्या रक्तवाहिनीचा झटका तर ० किंवा १ वरही सुटतो: चक्कर, उलट्या, आणि घरच्यांच्या मते ॲसिडिटी. म्हणून पलंगाच्या कडेला बसवून बघायचं, तोल जातो का.

ग्लुकोमीटर आधी, कारण साखर उतरली तरी असाच लुळेपणा येतो. आणि ‘सकाळी सहाला असं दिसलं’ यावर थांबायचं नाही. रात्री झोपताना शेवटचे ठीक कधी होते, ती वेळ लिहायची. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे साडेचार तास तिथून मोजतात.

नुसती बेरीज लिहिली की तुम्ही पेपर परत देता. ६ पैकी किती गुण हाताचे, किती वाचेचे, हे पुढच्या पाळीला कळायला हवं. ४ गुण वाढले की पुन्हा सीटी. तुमच्या अक्षरातला तो तक्ता आम्ही लॅमिनेट करून ट्रॉलीला अडकवला आहे.

मनापासून आभार.

आपले,
कॅज्युअल्टीतले निवासी डॉक्टर, मुंबई