लिंबूपाण्यानंतरचा ब्रश

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, सकाळी

प्रिय दत्तू,

दिवाळीत तू चार दिवस राहून गेलास तेव्हाचं एक दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही. उठल्या उठल्या कोमट पाण्यात अख्खं लिंबू, पेपर वाचत घोट घोट पिणं, आणि लगेच बेसिनपाशी जाऊन खसाखसा ब्रश. मी दोन वर्षं हेच केलं, म्हणून लिहितोय.

मध्यंतरी मस्तानीचा पहिला घोट घेतला आणि डाव्या सुळ्यातून कळ थेट कानात गेली. कीड लागली असेल म्हणून दाखवायला गेलो, तर कीड नव्हतीच. हिरडीलगत दाताला खाच पडली होती. डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "ब्रश उजव्या हातानं करता ना?" उजव्या हाताचा जोर डावीकडे जास्त बसतो म्हणे.

दातावरचं इनॅमल, म्हणजे बाहेरचं कवच, हाडापेक्षाही कठीण, साधारण ९६ टक्के खनिज. पण तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली उतरला की ते विरघळायला लागतं, आणि लिंबाच्या रसाचा असतो दोन-अडीच. लाळ हळूहळू सावरून घेते, पण तिला वेळ लागतो. तेवढ्यात आपण त्या मऊ पडलेल्या थरावर ब्रश घासतो. हाड मोडलं तर जुळून येतं रे, इनॅमल येत नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंत संपलेल्या असतात.

आमची आजी मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना घासायची. तिचे दात झिजून पिवळे पडले होते, आम्ही ते वयावर ढकललं. आता कळतं, तो पिवळा रंग इनॅमलखालच्या थराचा, डेंटिनचा होता.

तेव्हा लिंबू वरणभातावर पिळ. प्यायचंच असेल तर ब्रश आधी कर, पाणी रेंगाळत पिऊ नकोस, नंतर साध्या पाण्यानं चूळ भर. नंतर ब्रश करायचा तर तासभर जाऊ दे. ब्रश मऊ घे आणि पेनासारखा धर, जोर आपोआप कमी होतो.

आणखी एक. तू झोपेत दात खातोस, मी ऐकलंय. वहिनींनाही विचार. त्यानं दातावर दात घासून माथे सपाट होतात. रात्री लावायचा गार्ड मापानं करून मिळतो. शिवाय तुझ्या घशाशी आंबट येतं, ते आम्ल लिंबापेक्षाही जहाल. ते डॉक्टरांना मुद्दाम सांग, आपण दातांसाठी गेलोय म्हणून गप्प बसू नकोस.

माझी खाच भरून झाली, मस्तानी पुन्हा सुरू आहे. तू या आठवड्यात दाखवून ये आणि काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझा,
अण्णा