गुरूपर्यंत थांबते आहे

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं असतं, तर आई गप्प झाली असती आणि बाबांच्या खाकरण्यावरून मी अंदाज बांधत बसले असते. म्हणून पत्र. इथल्या कामाची मुदत मी वाढवून घेतली. २०३१ पर्यंत. सही झाली.

रागावण्याआधी ऐका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुटलेलं नासाचं युरोपा क्लिपर यान गुरूपाशी पोचणार एप्रिल २०३० मध्ये. आत्ता परत येणं म्हणजे पानं मांडून वाढायच्या वेळी उठणं. बाबा, तुम्ही लगेच तुमच्या वयात मिळवणी करणार. करू नका. दर थंडीत, गराडूच्या दिवसांत मी येणारच. यंदाचं तिकीट काढलंय, तीन आठवड्यांचं.

आई, काकूंना ‘परग्रहावरची माणसं शोधते’ असं सांगू नकोस गं. युरोपा हा गुरूचा चंद्र. वर बर्फाचं जाड कवच, खाली खारा समुद्र असावा, आपल्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट पाण्याचा. सूर्य फार लांब, पण गुरूच्या ओढाताणीनं आतून ऊब. म्हणजे दूध आहे, कोमटही असावं. विरजण पडलंय का, ते झाकण काढल्याशिवाय कळत नाही. आणि हे यान झाकण काढणार नाही. ४९ वेळा जवळून जाईल, बस्. अमेरिकेत बोल्डरला बनलेलं त्यातलं सूडा हे यंत्र, बारीक उल्का आदळून उडालेले कण झेलून त्यांत मीठ काय, कार्बनी पदार्थ काय, ते ओळखेल. भांड्याबाहेर सांडलेला थेंब चाटून बघण्यासारखं. तेवढ्यासाठी एवढी वर्षं? हो.

मी नीट आहे. खोली उबदार असते, तूप आहे, शेव संपली.

गीझरवाला रविवारी येईल, पैसे दिलेत, त्याच्याशी घासाघीस नको. आईच्या मोतीबिंदूची तारीख आता पुढे ढकलायची नाही. मामा रिक्षा नाही, गाडी घेऊन येईल. बाबा, रविवारी पोह्यांबरोबर जिलबी एकच. एक म्हणजे एक, ‘छोट्या दोन’ नाहीत.

आणि दुर्बीण माळ्यावरून काढायला स्टुलावर चढू नका. मी आल्यावर काढू. गच्चीत गादी टाकून तुम्ही गुरूच्या चंद्रांचे ते चार ठिपके दाखवायचात, कुठला कोणता ते वहीच्या मागच्या पानावर काढायचात, आणि मी युरोपा माझा म्हणून दादाशी भांडायचे. ती वही आहे ना अजून? रद्दीत घालू नका.

जिन्यातला दिवा लावल्याशिवाय वर जायचं नाही.

तुमची,
चिमी