दक्षिणेकडे जाणारे विमान

ओटावा,
12 जानेवारी

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून पंधरा दिवस झाले. गावातल्या बायकांनी बाटली आडवी केली, दुकानाला कुलूप लागले आणि तरीही शेजारच्या गावातून दारू दुचाकीवरून येतेच आहे, असे तू लिहिले आहेस. त्याच्याच खाली, जणू तो वेगळा विषय असावा अशा रीतीने, प्रकाश दुसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला आणि महिन्याभरात पुन्हा पिऊ लागला, हेही लिहिले आहेस. इथले, म्हणजे कॅनडाच्या अतिउत्तरेकडचे मूळनिवासी इनुइट लोक या बाबतीत काय करतात, हा तुझा प्रश्न मला या दोन्ही गोष्टींशी जोडलेला वाटला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करतो. उत्तरेकडचा प्रत्येक माणूस नशेत असतो, अशी इथल्या शहरी लोकांची सर्रास समजूत आहे. प्रत्यक्षात दारूला अजिबात न शिवणारे इनुइट पुष्कळ आहेत. जे पितात त्यांतले अनेक मात्र एका बैठकीत बाटली संपवतात, आणि अनर्थ होतो तो तिथे.

तुमच्या मतदानासारखे मतदान नुनावुत या इनुइटांच्या उत्तरेकडील प्रदेशातही होते. तिथली 25 गावे रस्त्याने एकमेकांना जोडलेली नाहीत. संपूर्ण बंदी हवी की काही बंधने पुरेत, हे प्रत्येक गाव आपापले ठरवते आणि बंदीसाठी शंभरात किमान 60 मते लागतात. बंदीच्या गावांतही व्होडका विमानाने चोरून पोहोचते आणि अव्वाच्या सव्वा भावाने विकली जाते. चोरट्या व्होडकाचा हा धंदा मोडण्यासाठी राजधानी इकालुइतमध्ये सप्टेंबर 2017 मध्ये उलटाच प्रयोग झाला : फक्त बिअर आणि वाईन विकणारे सरकारी दुकान उघडले. त्यावरून तिथे अजून वाद आहेत. मला विचारशील तर बंदी काय किंवा दुकान काय, दोन्हींचा विचार बाटलीपाशीच थांबतो. पिणारा माणूस त्यात कुठेच येत नाही.

त्या माणसाची गोष्ट मागे जाते. 1950 च्या दशकात क्षयरोगाची साथ होती, तेव्हा ‘सी. डी. हाऊ’ नावाचे जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने क्ष-किरण तपासणी करत फिरायचे, आणि ज्याच्या फुफ्फुसात डाग दिसे त्याला घरच्यांचा निरोपही नीट घेऊ न देता दक्षिणेतल्या रुग्णालयात नेले जाई. 1956 च्या सुमारास दर सात इनुइटांमागे एक जण असा घरापासून दूर उपचार घेत होता. कित्येक जण परतलेच नाहीत, आणि त्यांना कुठे पुरले हे घरच्यांना कळवण्याची तसदीही कोणी घेतली नाही. मुले वसतिगृहाच्या शाळांत नेली गेली. घसरगाडीचे कुत्रे पोलिसांनी गोळ्या घालून मारले आणि शिकारीवर जगणारा बाप एका हिवाळ्यात रिकामा बसला. क्षयरोग्यांना दिलेल्या वागणुकीबद्दल पंतप्रधानांनी मार्च 2019 मध्ये इकालुइतमध्ये जाऊन माफी मागितली.

आता गंमत बघ, तिला गंमत म्हणायचे असेल तर. नुनावुतमधले निवासी उपचार केंद्र गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडले, आणि तेव्हापासून दारू सोडू इच्छिणाऱ्याला पुन्हा विमानात बसवून दक्षिणेतच पाठवले जाऊ लागले. म्हणजे ज्या ताटातुटीने आजी-आजोबांचे घर मोडले, तीच ताटातूट नातवाला औषध म्हणून! परकी भाषा, परके जेवण, आजूबाजूला घराकडे कधी न दिसणारी झाडेच झाडे, आणि परत आल्यावर तेच घर, ज्यात मधल्या काळात काहीही बदललेले नसते.

म्हणूनच क्युबेक प्रांताच्या उत्तरेकडील कूजुआक गावातले ‘इसुआर्सिविक’ हे व्यसनमुक्ती केंद्र मला महत्त्वाचे वाटते. 1994 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात बरीच वर्षे नऊच खाटा होत्या. 2023 मध्ये नवी इमारत झाली, तिच्यात 32 खाटा आहेत. पण खरा फरक खाटांचा नाही. तिथे आईबाप मुलांना बरोबर घेऊन राहू शकतात, उपचार घरच्यांसकट होतो आणि दारूइतकेच त्या जुन्या जखमांविषयीही बोलले जाते.

बॅफिन बेटावरच्या क्लाइड रिव्हर गावातली ‘इलिसाक्सिविक’ ही संस्था गावानेच 1997 मध्ये उभी केली. तिने बाहेरून तज्ज्ञ मागवण्याऐवजी गावातल्याच माणसांना त्यांच्या इनुक्तितुत भाषेत समुपदेशनाचे शिक्षण दिले. तिच्या एका उपक्रमात वडीलधारी माणसे तरुणांना कुत्र्यांची गाडी हाकायला शिकवतात आणि बर्फावर घेऊन जातात. जे कुत्रे मारले गेले, त्यांच्यापासूनच सुरुवात करायची, हे कोणाच्या मनात प्रथम आले असेल, असा विचार मी पुष्कळदा करतो. खोलीत समोरासमोर बसवून जो पोरगा तोंड उघडणार नाही, तो कुत्र्यांना खाऊ घालताना, नजर दुसरीकडे ठेवून, हळूहळू बोलत असेल, असे मला वाटते.

नुनावुतमध्येही आता उशिराने का होईना, इकालुइतमध्ये 24 खाटांचे ‘आक्कुसारियाक’ केंद्र बांधायला घेतले गेले. त्यासाठी इनुइटांच्या संघटनेने सरकारबरोबर बसून निधी मिळवला.

प्रकाशला तिसऱ्यांदा पाठवण्याचे तुझ्या मनात आहे. कुठे पाठवावे हे इथून सांगण्याचा अधिकार मला नाही, परंतु या वेळी वहिनींना आणि मुलांना काही दिवस तिथे राहू देतात का, आणि तो परतल्यावर आठवड्याला गावात येणारे कोणी आहे का, एवढे आधी विचारून घे. आणि दुकान बंद करायला ज्या बायका रांगेत उभ्या राहिल्या, त्यांपैकी कोणी प्रकाशच्या घरी गेले होते का, तेही कळव.

तुझा,
माधव