शिंपला उलटा करून बघ

एडिसन, न्यू जर्सी
८ मार्च

प्रिय मंदार,

तू फोनवर म्हणालास, "रंग काय बघत बसलायस, शिंपला उलटा करून बघ." त्या एका वाक्यामुळे माझा क्लॅम, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीतला तो राक्षसी जातकुळीचा शिंपला, आज जिवंत आहे. हे नीट लिहून कळवायचं दीड महिना राहून गेलं.

दुकानातल्या चिठ्ठीवर जात 'मॅक्सिमा' लिहिली होती, मीही तेच धरून चाललो. मॅक्सिमाला खडक लागतो आणि उजेड भरपूर, म्हणून त्याला टाकीतल्या सगळ्यात उंच दगडावर, दिव्याच्या जवळ बसवलं. सकाळी बघतो तर खाली दोन दगडांच्या फटीत पालथा. परत बसवला, परत पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा झालर, म्हणजे कवचाबाहेर उलगडणारा मऊ रंगीत भाग, एका बाजूला फाटली होती, आणि पुढचे दोन दिवस त्याने तोंडच उघडलं नाही. त्याच रात्री तुला फोन केला होता.

तुझं ऐकून त्याला पाण्यातच हलक्या हाताने कलता केला. मॅक्सिमाच्या कवचावर वरच्या काठाकडे खवल्यांच्या दाट रांगा असतात आणि खाली बिजागरीपाशी मोठं भोक असतं. त्यातून धागे सोडून तो खडक धरतो, आपल्याकडे शिणाण्या धरतात ना, तसाच. याचं कवच मात्र गुळगुळीत, पांढरं, जड, रुंद घड्यांचं. खालचं भोक अगदी अरुंद. पाणी आत ओढायच्या तोंडाला बारीक मिशांची कड. हा तर डेरासा जातीचा! वाळूवर बसणारा प्राणी मी खडकाच्या टोकावर चढवत होतो. तिसरीला कालवासारखं दगडावर बसवायला गेलो, असं समज.

तू बाकीच्या जातींचं विचारलं होतंस. स्क्वामोसाचे खवले मोठे, एकमेकांपासून लांब, कौलांच्या कडांसारखे उचललेले. तोही वाळूवर चालतो. क्रोशिया सगळ्यात लहान, जेमतेम १५ सेंटीमीटरचा; तो खडक पोखरून आत रुततो. आणि गिगास म्हणजे खरा राक्षस, मीटरभराहून मोठा आणि २०० किलोच्या वर. घरातल्या टाकीत त्याचं काम नाही. झालरीच्या रंगावर मात्र कधीच जाऊ नकोस. एकाच जातीत निळा, हिरवा, सोनेरी सगळं सापडतं.

आता तो वाळूवर आहे, खाली एक चपटा दगड पुरलाय. दिवा आधी निम्म्यावर आणला आणि तीन आठवड्यांत हळूहळू वाढवला, कारण एकदम प्रखर उजेडात झालर पांढरी पडू शकते. त्या झालरीत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात साखर तयार करतं आणि क्लॅमचं पोट मुख्यतः त्यावरच भरतं. जन्मतः हे शैवाल त्याच्याकडे नसतं. पिल्लू पाण्यातून ते गिळतं आणि पचवून न टाकता अंगात सांभाळून ठेवतं. मला या प्राण्यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

पाणी फार नितळ ठेवायचं नाही, हे मला उशिरा कळलं. माशांच्या विष्ठेतला नायट्रोजन त्याला हवा असतो, म्हणून नायट्रेट शून्यावर जाऊ देत नाही. तापमान २५-२६ अंश, घनता १.०२५, अल्कलिनिटी (पाण्याची क्षारता) ८ ते ९ dKH, कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास. कवच वाढायला लागलं की कॅल्शियम भराभर उतरतं, त्यामुळे ते दर दोन दिवसांनी तपासतो.

मध्यंतरी एका रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन बघितलं तर कवचाच्या काठावर तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोगलगायी! दिवसा त्या बुडाशी दडतात आणि रात्री वर येऊन सोंड खुपसून रस शोषतात. त्याला बाहेर काढलं, मऊ टूथब्रशने सगळ्या घड्या घासल्या, बुडाशी चिकटलेली अंड्यांची जेलीही काढली. आठवडाभर रोज रात्री हाच कार्यक्रम. आता दहा दिवसांत एकही दिसलेली नाही.

तू विचारलंस, पुण्यात मिळेल का. नको रे. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हे क्लॅम आहेत, पण आपल्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण दिलंय, आणि ते हवंच. कोणी चोरून आणून देतो म्हणाला तरी घेऊ नकोस. माझा शिंपल्यांच्या शेतीत वाढवलेला आहे, कागद बघूनच घेतला. पलाऊ बेटांवर १९८० च्या दशकापासून डेरासाची अशी पैदास होते. जगभर यांच्या व्यापारावर निर्बंध आहेत, म्हणून शेतीतलाच घ्यायचा हे मी आधीच ठरवलं होतं.

झालरीच्या काठावर शेकडो बारीक डोळे असतात. टाकीवरून माझा हात गेला की सावली पडते आणि तो लाजाळूसारखा मिटतो. मग मी हात मागे घेऊन उभा राहतो. मिनिटभराने एक कड उलगडते, मग दुसरी, आणि ती निळी किनार पूर्ण बाहेर येते. फाटलेली जागा भरलीय. परवा कवचाच्या काठाला नव्या वाढीची पांढरीशुभ्र रेघ दिसली, नखाच्या कडेएवढी. फोटो वेगळे पाठवतो.

काकूंना नमस्कार सांग. मे महिन्यात रत्नागिरीला येतोय, ओहोटीला भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊ.

तुझा,
निखिल